दसरा काढणारं मशिन

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या गल्लीतल्या भिंती दिसेनाशा होतात. एरवी बीदरच्या या तांबड्या दगडी भिंतींवर बघण्यासारखं फारसं काही नसतं. पण पितृपंधरवडा सुरू झाला की त्यांच्यावर जुन्या लुगड्यांच्या वाकळा चढतात, सतरंज्या चढतात, उशांचे अभ्रे आणि दारांचे पडदे चढतात. दसरा काढायचे दिवस आलेले असतात. घटस्थापनेच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं धुऊन काढायचं, त्याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांना ते चुकत नाही. ज्यांच्या घरी बसत नाहीत त्याही बायका काढतात, कारण शेजारणीची भिंत भरलेली असताना आपली मोकळी ठेवणं कुणालाच जमत नाही. शेजारच्या मुमताज आपासुद्धा याच दिवसांत आपल्या रजया बाहेर काढतात. "तुमारा दसरा, हमारी सफाई," असं म्हणतात आणि दोरीवरच्या जागेसाठी माझ्याशी भांडतात.

आज सकाळपासून आमच्या मागच्या दारी मशिन चालू आहे. शहाबादी फरशीवर, नळाशेजारी, पत्र्याच्या सावलीला त्याची जागा ठरलेली आहे. दोन टबांचं जुनं मशिन. डाव्या टबात कपडे धुवायचे, हाताने उचलून उजव्या टबात घालायचे, तिथे ते गरगर फिरून पिळून निघतात. त्याचा मूळचा पांढरा रंग आता सायीसारखा पिवळट झाला आहे. एका पायाचं रबर गेलंय, तिथे फरशीचा तुकडा सारला आहे. नावाची पट्टी कधीच निघून पडली, त्यामुळे ते कुठल्या कंपनीचं हे आता फक्त मला आणि त्यालाच ठाऊक. असं मशिन बनवणं त्या कंपनीने केव्हाच सोडून दिलं. उजवा टब वेग घेऊ लागला की वरून जाणाऱ्या विमानांचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, आणि हवाई दलाचा तळ जवळ असल्याने आमच्या डोक्यावर सकाळच्या वेळी विमानं पुष्कळ असतात.

हे मशिन मी दुरुस्त केलेलं आहे. तसं पुष्कळदा केलंय, पण त्यातली एक दुरुस्ती आठवली की मी अजूनही पदर खोचून ताठ उभी राहते. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात मुलांना सांगते, आपली टिमकी आपण वाजवू नये. घरी मात्र हा नियम मी स्वतःला लावत नाही.

या दुरुस्तीची मुळं राजेश्वरला आहेत, माझ्या माहेरी. तिथे दसरा शेतातल्या विहिरीवर निघायचा. उडीद मूग घरात आलेले असायचे, त्यांच्या सालपटांचा खरखरीत वास अंगणभर असायचा, आणि आई न् काकू डोक्यावर वाकळांची गाठोडी घेऊन भल्या सकाळी बांधाबांधाने निघायच्या. विहिरीजवळ तीन दगडांच्या चुलीवर पाणी उकळायचं, त्यात सोडा पडायचा. आम्ही पोरी वाकळा पायाने तुडवायचो. तोवर मजाच वाटायची. खरी परीक्षा पुढे. भिजलेली वाकळ कधी उचलली आहे का? दोन बायका दोन टोकं धरून तिला पीळ देतात, आणि पीळ जसजसा बसतो तसतशी ती हातातून निसटायला बघते. संध्याकाळी आईच्या तळहाताची सालं निघालेली असायची. त्या हातांनी ती भाकरी थापायची आणि पिठाला हात लागला की नुसतं "स्स" करायची. त्या आवाजाचा मला लहानपणीच राग यायचा. कुणावर ते मात्र कळायचं नाही.

आईचं शिलाई मशिन होतं. गावातल्या बायकांची पोलकी ती शिवून द्यायची, आणि त्या मशिनीला तेल द्यायचं काम माझ्याकडे. पट्टा सैल झाला तर कुठून ओढायचा, दोरा आत अडकला तर खालची पत्री कशी उघडायची, चाक जड का फिरतंय हे बोटाने फिरवून कसं ओळखायचं, हे सगळं मी तिथे शिकले. शिकले म्हणण्यापेक्षा खेळले. नोकरी लागल्यावर पहिली मोठी खरेदी मी कपडे धुण्याच्या मशिनीची केली, तेव्हा सासरच्या लोकांना आश्चर्य वाटलं. नवी सून सोन्याचं काही घेईल असं त्यांना वाटलं होतं. मला आईचा तो "स्स" माझ्या घरात नको होता.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मूळच्या आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या. माहेर आणि सासर दोन्ही तिथलंच. माहेर मेंढरांचं. लहानपणी त्या वडिलांच्या मागून माळावर फिरलेल्या. सासरे गेल्यावर धाकट्या मुलाकडची शेती सोडून आमच्याकडे बीदरला राहायला आल्या, त्या एक ट्रंक आणि एक काळी घोंगडी घेऊन. घोंगडीची लोकर त्यांच्या वडिलांच्या मेंढरांची, सूत त्यांच्या आईने कातलेलं, आणि गावातल्या विणकराने विणून चिंचोक्याची खळ देऊन ती पत्र्यासारखी ताठ केलेली. त्यांच्या लग्नात मिळालेली. पहिले काही महिने त्या मशिनीकडे दुरून बघायच्या. मी कपडे घालून बटण फिरवलं की दारात उभ्या राहायच्या, आणि पाणी फिरायला लागलं की आत निघून जायच्या.

एक दिवस मी शाळेतून आले तर त्या पाटावर बसून टबात वाकून बघत होत्या.

"आपोआप उलटं बी फिरतंय की गं हे," त्या म्हणाल्या.

"मग? कपड्याला पीळ बसू नये म्हणून."

"शाणं हाय."

त्यांनी मशिनीला शहाणं म्हटलं आणि तिथून त्यांचं जमलं. पुढे पुढे मला मशिनीजवळ फिरकू देईनात. आधी पांढरे कपडे, त्याच पाण्यात रंगीत, त्याच पाण्यात पायपुसणी, आणि शेवटी ते पाणी अंगण धुवायला. आमच्याकडे नळाला पाणी त्याच्या मर्जीने येतं, त्यामुळे बादलीने पाणी भरता येणारं आणि तेच पाणी पुन्हा वापरू देणारं मशिन त्यांना फार पटलं. वेळ संपली की घंटी वाजते, ती वाजेपर्यंत त्या पाटावरून उठायच्या नाहीत. निंबर्ग्याला फोन लावला की हवापाण्याच्या आधी सांगायच्या, "मी मशिन चालविती." पलीकडून धाकटा दीर शरणू हसायचा. आत्याबाई हसायच्या नाहीत. इथे शहरात त्यांना ना शेत होतं ना गोठा, ना ओळखीचं देऊळ. जे काही त्यांचं स्वतःचं म्हणावं असं होतं ते हे मशिन होतं.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतेय, त्या वर्षी श्रावणात त्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजवा खांदा दुखावला. हाड मोडलं नाही, पण हात खांद्याच्या वर जाईना. दसरा काढायचे दिवस आले तशा त्या अस्वस्थ झाल्या. "घरातलं एक बी आंथरूण पारोसं ऱ्हायलं तर घट बसत न्हाई," असं दिवसातून कितीदा तरी म्हणायच्या. मी म्हणायचे, रविवारी सगळं काढू, मशिन आहे, मी आहे. त्यांना ते ऐकायचं नसायचं.

घोंगडी दसऱ्याला धुवायची नसते. लोकर कधी पारोशी होत नाही असं धनगरांच्या घरात मानतात, तिला नुसतं ऊन दाखवायचं. पण त्याच आठवड्यात मुमताज आपांची मांजर आमच्या माळ्यावर चढली आणि सगळं घर सोडून नेमकी त्या घोंगडीवर व्याली. पिल्लं गोड होती, घोंगडीचं मात्र काय झालं असेल ते सांगायला नको. ती धुवावीच लागणार होती. भिजलेली घोंगडी दगडावर आपटायला दोन धड खांदे लागतात. आत्याबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मी शाळेत, हे कचेरीत, आणि त्यांनी ती घोंगडी घडी घालून मशिनीत सोडली, वरून गरम पाणी ओतलं आणि बटण फिरवलं.

मी घरी आले तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच जळक्या रबराचा वास येत होता. मागच्या दारी टब भरून काळसर लापशी झालेली. घोंगडीतली सगळी खळ सुटून पाण्यात फुगली होती आणि त्यात घोंगडी अर्धी वर, अर्धी खाली रुतलेली. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मोडलं की गं कमळव्वा," त्या म्हणाल्या. "तुज्या पगाराचं मशिन. मोडून बसले."

"मोडलं न्हाई. अडकलंय. काढू की."

"न्हाई. आता मी त्याला हात लावत न्हाई. शरणूला फोन कर. अमावस्येच्या आदल्या दिवशी ये म्हणावं, मी निंबर्ग्याला येती. घट तिथंच बघीन."

"कामून असं बोलायलाव आत्याबाई?"

"हितं माझं काय काम हाय मग?"

त्यांनी रागाने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतली लुगडी काढून बोचकं बांधलं आणि दाराशेजारी ठेवलं. त्या एकदा निंबर्ग्याला गेल्या की परत येणार नाहीत हे मला कळत होतं. तिथे कुणी त्यांना उपाशी ठेवणार नव्हतं, शरणू जिवाला जीव देणारा आहे. पण त्या तिथे मोडलेल्या म्हणून जाणार होत्या, आणि उरलेले दिवस कोपऱ्यात बसून तसंच समजणार होत्या. हे मला होऊ द्यायचं नव्हतं. मला मशिन चालू करायचं होतं, आणि त्याचं बटण त्यांच्याच हाताने फिरवून घ्यायचं होतं.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मशिनीभोवती एक फेरी मारली आणि निकाल देऊन टाकला. "जाऊ दे भंगारात. किती दिवस चालवायचं? ऑटोमॅटिक आणू. कपडे टाकले की वाळूनच बाहेर येतात जवळजवळ." यांच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी घरी तसं मशिन आलं होतं आणि तेव्हापासून यांच्या स्वप्नात तेच फिरत होतं. मी म्हटलं, "ऑटोमॅटिकला चोवीस तास नळ लागतो. तो पण कचेरीतून आणणार का?" मग मी हळूच म्हटलं, "आणि आत्याबाईंनी मोडलं म्हणून नवीन आणलं, तर त्या नव्याला कधी हात लावतील का?" यावर त्यांनी मशिनीभोवती आणखी एक फेरी मारली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आईच्या शिलाई मशिनीचा हत्यारांचा डबा घेऊन मागच्या दारी बसले. डब्यात दोन पेचकस, एक पाना, तेलाची कुपी, चिमटा. आत्याबाई दारात उभ्या होत्या. मी विजेची पिन काढली आणि तिचं टोक त्यांच्यापुढे केलं.

"ही धरून बसा. माझे हात आत असताना कुणी लावली तर मी गेलेच."

"मी मशिनीला हात लावणार न्हाई म्हणले होते."

"मशिनीला कुठं? पिनीला लावा."

त्यांनी पाट ओढला आणि डाव्या मुठीत पिन घट्ट धरून बसल्या. पुढच्या सगळ्या दुरुस्तीत ती पिन त्यांच्या मुठीत होती. यांनी एकदा सहज विचारलं तरी त्यांनी दिली नाही.

आधी मगाने ती लापशी उपसली. घोंगडी बाहेर काढून खंगाळायला आम्ही तिघं लागलो. तिला एका कडेला मोठं भोक पडलं होतं, तिथली लोकर नाहीशी झाली होती. मागचा पत्रा उघडला तेव्हा पट्टा एका बाजूने जळून चिंध्या झालेला दिसला. वरचं अडकलेलं असताना खालची मोटार बिचारी जोर करत राहिली होती. मोटारीचं चाक बोटाने सहज फिरलं, टबाखालचं मात्र तसूभर हललं नाही. म्हणजे मोटार शाबूत, दुखणं वर, टबाच्या तळाला जो पंखा फिरतो त्याच्या पोटात. आईच्या मशिनीचं चाक जड फिरायचं तेव्हाही दुखणं असंच दुसरीकडे कुठेतरी असायचं.

पंख्याचा मधला स्क्रू गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून वाट बघावी लागली. मला ती वाट बघायला फार आवडतं. तेल आपलं काम करत असतं, आपण चहा प्यायचा, उन्हात वाळणाऱ्या दुसऱ्यांच्या वाकळा बघायच्या. समोरच्या भिंतीवर मुमताज आपांची हिरवी रजई होती. त्या भिंतीवरून डोकावल्या. "क्या टीचर, पूरा खोल दिये? फिर जुडेगा क्या?" मी म्हटलं, "देखो तुम." त्यांना आपल्या मांजरीची लाज वाटत होती, त्यामुळे त्या दिवशी दोरीची सगळी जागा त्यांनी आपण होऊन मला देऊन टाकली.

स्क्रू निघाला, पंखा निघेना. त्याला धरायला काही जागाच नसते. मी घरातून परकराच्या दोन नाड्या आणल्या. पंख्याच्या कडेखालून एक या बाजूने, एक त्या बाजूने सरकवली. एकीची टोकं मी धरली, दुसरीची आत्याबाईंच्या डाव्या हातात दिली. पिन त्यांनी तेवढ्यापुरती कमरेला खोचली. "हां म्हटलं की ओढा." ओढलं, हललं नाही. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा पंखा असा सुटला की आम्ही दोघीही मागच्या मागे फरशीवर बसलो. मी घाबरून त्यांच्या खांद्याकडे बघितलं. त्या हसत होत्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

पंख्याखाली काय काय निघालं. माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टाची निळी बटणं, तो आता हैदराबादला नोकरी करतो. माझ्या ब्लाउजचे हुक. एक गोटी. यांनी वर्षानुवर्षं हरवली म्हणून आदळआपट केलेली छोटी किल्ली. आमच्या संसारातलं जे जे खिशात राहिलं ते सगळं तिथे जाऊन बसलं होतं. आणि मधल्या दांड्याला मूठभर जाड काळी लोकर गुंडाळलेली, खळीने चिकटून दगड झालेली. मी कात्री उचलली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "कापू नगस. गरम पाणी आण."

त्यांनी लोकरीवर गरम पाण्याची धार धरली, खळ सैल होऊ दिली, आणि टोक सापडेपर्यंत बोटाने चाचपत राहिल्या. टोक सापडल्यावर जशी गुंडाळली होती तशी ती उलटी उलगडत गेली. माझ्या कात्रीने ते झालं नसतं असं नाही, पण दांड्याभोवतीच्या रबराला धक्का लागला असता, आणि ती लोकर वाया गेली असती. त्यांनी ती सगळी वाटीत जमा केली, स्वच्छ धुतली आणि उन्हात ठेवली. मला तेव्हा वाटलं, माहेरची आठवण म्हणून ठेवत असतील.

पट्टा मिळवायला मी बाजार पालथा घातला. जळलेला पट्टा पिशवीत घालून दुकानामागून दुकानं. एक जण म्हणाला, "इसका जमाना गया मॅडम." दुसऱ्याने तो नुसता उलटसुलट केला आणि परत दिला. शेवटी गिरणीचे पट्टे विकणाऱ्याकडे जवळचा एक मिळाला, पण थोडा मोठा. तो म्हणाला, नाही बसणार. मी म्हटलं, द्या. मोटारीचे नटबोल्ट ज्या फटीत असतात त्या लांबट असतात हे मी पाहून ठेवलं होतं. मोटार त्या फटीत मागे सारायची, पट्टा ताणायचा आणि नट आवळायचे. शिलाई मशिनीचा पट्टा मी लहानपणापासून ताणत आले आहे. घरी येऊन बसवला आणि बोटाने दाबून बघितला, हवा तेवढा ताण होता. त्या क्षणी मला कुणी काही विचारलं असतं तर मी फार मोठ्या आवाजात उत्तर दिलं असतं.

पिन लावली, पाणी घातलं, पंखा फिरला. आणि खालून थेंब थेंब पाणी पडायला लागलं.

दांड्याभोवती रबराची चकती असते, तिला सील म्हणतात. ओढाताणीत ती फाटली होती. पाणी पट्ट्यावर पडून पट्टा घसरायला लागला. अमावस्या जवळ आली होती, शरणूला निरोप गेला होता, बोचकं दाराशेजारी तसंच होतं, आणि घरातली सगळी अंथरुणं पारोशी. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिन काढून पुन्हा मुठीत धरली. त्यांनी ती सोडून दिली असती तर बहुतेक मीही सोडून दिलं असतं.

यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी हे कचेरीतून उशिरा आले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं. आत सील होतं. जुन्याचा फाटून बाहेर आलेला तुकडा सकाळी खिशात घालून घेऊन गेले होते, आणि शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच मापाचं घेऊन आले होते. "भंगारवाल्याला काय सांगू मग?" मी विचारलं. "त्याला म्हणावं, घर चुकलास," हे म्हणाले. मग बाह्या सारून त्यांनी मशिन तिरपं धरलं, आणि मी खालून नट सोडवून दांडा काढला, सील बदललं, तेल दिलं, पुन्हा सगळं जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण एखादा स्क्रू उरणार अशी यांना खात्री होती.

आत्याबाई मशिन उघडं असताना नुसत्या बसल्या नव्हत्या. वाळलेली लोकर त्यांनी पिंजली होती, ट्रंकेतून लाकडाची चाती काढली होती आणि पिन मांडीखाली धरून डाव्या हाताने चाती फिरवत सूत काढलं होतं. उजवा हात फक्त लोकर धरायला. त्या सुताने त्यांनी घोंगडीचं भोक विणून काढलं. ती जागा आजही दिसते, जरा जाड आहे. बोट फिरवलं की कळते.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. मी आणि यांनी घरातली सगळी अंथरुणं मागच्या दारी आणून ढीग घातला. टबात पाणी भरलं, साबण टाकला, पहिली चादर सोडली. आणि मी बाजूला झाले.

"फिरवा बटण, आत्याबाई."

"तू फिरव. माझा हात नगं त्याला."

"मला शाळंला उशीर व्हायलाय." रजा काढली होती हे त्यांना ठाऊक होतं. "घट बसायचे का न्हाई बसायचे, ते आता तुमच्यावर हाय."

त्यांनी मुठीतली पिन बघितली. मग उठून ती स्वतः लावली. बटणावर हात ठेवून क्षणभर थांबल्या, आणि फिरवलं. पाणी एकदा सरळ गेलं, थबकलं, मग उलटं फिरलं. खाली फरशी कोरडी होती. मी वाकून दोनदा बघितलं. आत्याबाईंनी पाट ओढला आणि बसल्या. घंटी वाजली तेव्हा त्यांनी चादर डाव्या हाताने उचलून उजव्या टबात घातली, झाकण लावलं, आणि मला म्हणाल्या, "दुसरी दे." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुपार कलताना शरणू जीप घेऊन आला. तोवर आमच्या भिंती, आमचा कठडा, मुमताज आपांची दोरी सगळं भरलं होतं. त्याने चहा घेतला, घड्याळ बघितलं आणि दाराशेजारचं बोचकं उचललं.

"चल आव्वा. अंधार पडायच्या आत पोचू."

आत्याबाई पाटावरून उठल्या. त्याच्या हातातून बोचकं घेतलं. गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला, एकाच हाताने सोडवत होत्या, पण मी मदतीला गेले नाही. आत सगळी लुगडी होती, धुतलेली, घडी घातलेली. त्यांनी ती एकेक करून टबात सोडली आणि बटण फिरवलं.

"धुतलेली होती की ती," शरणू म्हणाला.

"बोचक्यात बांधून पारोशी झाली. आता ओल्या लुगड्यानं कशी येऊ? वाळू देत."

शरणूने माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे, आणि हे भिंतीवरच्या वाकळांकडे. शरणूने अजून एक कप चहा घेतला आणि एकटाच निघाला. दुसऱ्या दिवशी, अमावस्येला, दुरुस्त केलेली घोंगडी उन्हात टाकली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी घट बसले.

आता मुमताज आपांची मांजर म्हातारी झाली आहे. मशिनीचा एक पट्टा मी त्यानंतर पुन्हा बदलला, झाकणाचा चिरलेला तुकडा चिकटवला, घंटी बिघडली ती सुधारली. गल्लीत आता बहुतेकांकडे ऑटोमॅटिक आहे. नळाला पाणी नसलं की त्यांच्या वाकळा आमच्याकडे येतात आणि आत्याबाई त्यांना रांगेत बसवतात. खांदा पूर्ण सुधारला नाही, बटण अजून डाव्या हातानेच फिरतं. मी हे लिहितेय ती मागच्या दाराच्या पायरीवर बसून. समोर त्या पाटावर बसल्या आहेत, पाणी सरळ जातंय, थबकतंय, उलटं फिरतंय.

शरणू दरवर्षी या दिवसांत फोन करतो. आज सकाळीही त्याचा फोन आला होता. मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला, त्यांचे हात साबणाचे होते.

"आव्वा, औंदा तरी येतीस का न्हाई घटाला?"

"कशी येऊ रं बाबा," त्या म्हणाल्या. "लुगडी वाळायचीत अजून."